आधी काय दिसलं?

रेषा, आकार, रंग, पोत, तोल, लय... चित्रकलेच्या तासाला पाठ केलेली ही यादी वारली भिंतीपासून फेस्टच्या पोस्टरपर्यंत सगळीकडे कामाला लागलेली असते. ती ओळखता आली, की तयार टेम्प्लेटवरही आपली हुकमत चालते.

फेस्टचा सीझन आला की कॉलेजच्या जिन्याजवळचा नोटीस बोर्ड भरून जातो. त्यातलं कुठलंही एक पोस्टर घ्या. सगळ्यात वर संस्थेचं नाव, त्याखाली कॉलेजचं. मधोमध फेस्टचं नाव, सोनेरी, थ्रीडी, मागे सावली आणि वर चमक. पार्श्वभूमीला जांभळ्यातून गुलाबीत जाणारा ग्रेडियंट, त्यावर गिटार, मुखवटा, कॅमेरा आणि नाचणारी मुलगी. उजवीकडे प्रमुख पाहुण्यांचा गोल फोटो. खाली पाच प्रायोजकांचे लोगो. आणि तारीख? आहे ना. डाव्या कोपऱ्यात, जांभळ्यावर निळ्या अक्षरांत.

पोस्टर करणाऱ्याने त्यासाठी रात्र जागवलेली असते, यात शंका नाही. तरी कॅन्टीनमध्ये ‘अरे, एकांकिकेच्या ऑडिशन्स कधी आहेत?’ असं विचारलं, तर टेबलावरच्या पाच जणांपैकी एकालाही सांगता येत नाही. मग ऑडिशनला सात डोकी येतात आणि कमिटी म्हणते, पब्लिकला इंटरेस्टच नाही. पब्लिकला इंटरेस्ट होता हो. तारीख दिसली नाही, एवढंच.

तुमच्यापैकी अनेकांनी शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या असतील. पोस्टर कलरच्या बाटल्या, संकल्पचित्राचा पेपर आणि दहावीला मिळणाऱ्या वाढीव गुणांची आशा. सरांनी फळ्यावर लिहून दिलेली यादीही अंधुक आठवत असेल. बिंदू, रेषा, आकार, रंग, छटा, पोत, अवकाश हे मूलघटक. तोल, लय, प्रमाण, विरोध, प्राबल्य, एकता ही तत्त्वं. पाठ केली, पेपर दिला, विसरलो. पण पोस्टर करायला बसलं, की ही सगळी यादी एकाच प्रश्नाशी येऊन थांबते: बघणाऱ्याला आधी काय दिसावं, मग काय आणि शेवटी काय? हे ज्याने ठरवलं, त्याने डिझाइन केलं. ज्याने ठरवलं नाही, त्याच्या कागदावर डोळा वाट फुटेल तिकडे भटकतो.

सामान थोडं, काम मोठं

मूलघटक म्हणजे हाताशी असलेलं सामान. ते किती कमी लागतं, हे बघायचं तर पालघर जिल्ह्यातल्या वारली घराची भिंत बघा. कुडाची भिंत, शेणामातीने किंवा गेरूने सारवलेली. त्यावर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग. ब्रश म्हणजे टोक ठेचून मऊ केलेली बांबूची काडी. बस्स, संपलं सामान.

या सामानातून काय काय उभं राहतं ते पाहा. माणसाचं धड म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. डोकं म्हणजे एक टिंब. हातपाय म्हणजे रेघा. चेहरा नाही, डोळे नाहीत, कपड्यांचे रंग नाहीत. तरीही कोण ओझं वाहतंय, कोण बी पेरतंय आणि कोण नाचतंय, हे लांबूनही कळतं. कारण कमरेपाशी जुळलेले ते दोन त्रिकोण किंचित कलले, की माणूस हलायला लागतो. आकाराची दिशा बदलली की हालचाल तयार होते, हे वेगळं शिकवावंच लागत नाही.

आता तारपा नाच. मधे तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती हातात हात गुंफलेल्या माणसांची गुंडाळत जाणारी रांग. सगळ्या आकृत्या जवळपास सारख्या, अंतरही जवळपास सारखं. एकच आकार ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा आला, की डोळा त्याच्यामागे चालू लागतो. यालाच लय म्हणतात. ती रांग आपल्याला फिरवत फिरवत आत घेऊन जाते आणि वादकापाशी आणून सोडते. लय आणि प्राबल्य, दोन्ही तत्त्वं एका झटक्यात.

लग्नाच्या वेळी काढला जाणारा चौक पाहिला तर तिथे प्राबल्याचा आणखी एक मार्ग दिसतो. पालघाट देवी चौकोनाच्या आत असते आणि त्या चौकोनाच्या कडा बारीक नक्षीने दाट भरलेल्या असतात. बाहेर झाडं, माणसं, प्राणी मोकळे पसरलेले. मधे ही घट्ट चौकट. नजर तिथे जाणारच. लाल रंग वापरला नाही, बाण दाखवला नाही, अक्षरं मोठी केली नाहीत. फक्त एका जागी दाटी आणि बाकी ठिकाणी मोकळीक.

ही कला परंपरेने लग्नकार्यात सुवासिनींच्या हातची. जिव्या सोमा म्हसे यांनी ती विधीच्या भिंतीवरून कागदावर आणि कॅनव्हासवर आणली, देशाबाहेर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. आज मगपासून मोबाइलच्या कव्हरपर्यंत सगळीकडे वारली आकृत्या छापल्या जातात. त्यातल्या बऱ्याच मेलेल्या का वाटतात, याचं उत्तरही इथेच आहे. एकच आकृती कॉपी-पेस्ट करून गोलात फिरवलेली असते. हातातल्या रेघेचा कमी-जास्त दाब नाही, भिंतीचा पोत नाही, त्रिकोणांचा तो किंचित कल नाही. सामान तेच, पण निर्णय कोणीच घेतलेला नाही.

विरोध हवा, भांडण नको

तत्त्वांमध्ये सगळ्यात लवकर हाताशी येणारं तत्त्व म्हणजे विरोध. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी गर्दीतही उठून दिसते. स्टेशनवरच्या पिवळ्या पाटीवरचं काळं नाव धावत्या गाडीतूनही वाचता येतं. काळा आणि पिवळा हे वेगळे रंग आहेत म्हणून हे घडतं, असं आपण म्हणतो. पण खरं काम रंग करत नाही, छटा करते. छटा म्हणजे रंग किती उजळ आणि किती गडद. पिवळा फार उजळ, काळा पूर्ण गडद. लाल आणि हिरवा कागदावर एकमेकांशी कितीही भांडोत, दोघांची छटा सारखी असेल तर लालवर लिहिलेली हिरवी अक्षरं डोळ्यांपुढे नुसती थरथरतात. शिवाय लाल-हिरव्यातला फरक नीट न दिसणारी मुलंही वर्गात असू शकतात, त्यांना तर तिथे काही लिहिलंय हेच कळणार नाही.

यावर सोपी चाचणी आहे. पोस्टरचा स्क्रीनशॉट काढा आणि फोनमध्ये ब्लॅक अँड व्हाइट करा. अक्षरं पार्श्वभूमीत विरघळली, तर रंग बदलूनही उपयोग नाही, छटा बदला. वेबसाइट सर्वांना वाचता यावी म्हणून जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यात साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ : १ असावं, असं सांगितलंय. हे मोजून देणारी फुकट साधनं इंटरनेटवर आहेत. आपल्या पोस्टरवरचं जांभळ्यावरचं निळं तिथे टाकून बघा, नापास होण्याची शक्यताच जास्त.

मग तोल. घरातली लग्नपत्रिका काढून बघा. वर मधोमध गणपती, खाली मधोमध नावं, त्याखाली मधोमध मुहूर्त. मधून उभी घडी घातली तर दोन्ही बाजू सारख्या. हा सममित तोल. त्यातून स्थिर, मंगल, गंभीर असा भाव येतो आणि लग्नपत्रिकेला तो शोभतो. रॉक बँडचं पोस्टर याच मांडणीत केलं, तर ड्रमरचं लग्न ठरलंय असं वाटेल. तिथे असममित तोल लागतो. एका बाजूला मोठी आकृती आणि दुसऱ्या बाजूला छोटी पण ठसठशीत अक्षरं. वाण्याच्या तराजूत एका पारड्यात भरलेली पिशवी आणि दुसऱ्यात छोटंसं लोखंडी वजन असतं, तरी काटा मधे येतोच ना, तसं.

रिकामी जागा रिकामी नसते

सगळ्यात दुर्लक्षित घटक म्हणजे अवकाश, म्हणजेच मोकळी जागा. कमिटी मीटिंगमध्ये ती दिसली रे दिसली की कोणीतरी म्हणतंच, ‘इथे जागा आहे, इथे काहीतरी टाक ना!’

खिशातली नोट किंवा दुकानातल्या किमतीची पाटी बघा. रुपयाचं चिन्ह जुलै २०१० मध्ये मंजूर झालं. तीन हजारांहून जास्त प्रवेशिकांमधून निवडलं गेलेलं हे चिन्ह डी. उदय कुमार यांचं, ते तेव्हा आयआयटी मुंबईत पीएचडी करत होते. देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ यांची त्यात सांगड आहे. पण ती घातली कशी? ‘आर’ची उभी दांडी काढून टाकून. वरच्या दोन आडव्या रेघा आणि त्यांच्यामधली पांढरी पट्टी मिळून तिरंग्याचा भास होतो. म्हणजे तिरंग्यातला मधला पट्टा काढलेलाच नाही, तो मोकळ्या जागेने तयार झालाय. ती फट बुजवली तर चिन्हातला अर्धा अर्थ जाईल.

पोस्टरवरही हेच लागू आहे. तारखेभोवती चारी बाजूंनी दोन बोटं जागा मोकळी सोडली, की तारीख मोठी न करताही मोठी वाटते.

५३७ मतांची गोष्ट

‘एवढा काय फरक पडतो, पोस्टरच तर आहे,’ असं वाटत असेल तर थोडा वेळ अमेरिकेत जाऊ.

७ नोव्हेंबर २०००, राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक. फ्लोरिडा राज्यातल्या पाम बीच काउंटीत मतपत्रिकेवर उमेदवारांच्या दहा जोड्या होत्या. सगळी नावं एका पानावर बसवायची, तर अक्षर बारीक करावं लागणार आणि तिथे वयस्कर मतदार बरेच. म्हणून निवडणूक अधिकाऱ्यांनी अक्षर मोठं ठेवलं आणि नावं समोरासमोरच्या दोन पानांवर विभागली. मत देण्यासाठी ज्यांत भोक पाडायचं, ते गोल मात्र मधल्या एकाच उभ्या ओळीत. हेतू चांगलाच होता.

डाव्या पानावर पहिलं नाव जॉर्ज बुश यांचं, दुसरं अल गोर यांचं. उजव्या पानावर पहिलं नाव पॅट ब्यूकॅनन यांचं, पण ते डावीकडच्या पहिल्या दोन नावांच्या साधारण मधल्या उंचीवर. परिणामी मधल्या ओळीतला पहिला गोल बुश यांचा, दुसरा ब्यूकॅनन यांचा आणि तिसरा गोर यांचा. बाण होते, पण डोळा बाणाआधी क्रम वाचतो. डावं पान वरून खाली वाचणाऱ्याला गोर दुसरे दिसले आणि त्याने दुसऱ्या गोलात भोक पाडलं. चूक कळल्यावर काहींनी तिसऱ्यातही पाडलं. अशी एकाहून जास्त भोकं पडलेल्या १९ हजारांवर मतपत्रिका त्या काउंटीत बाद झाल्या.

ब्यूकॅनन यांना तिथे ३,४०७ मतं मिळाली. यातली बरीच मतं आपली नसावीत, असं त्यांनी स्वतःच म्हटलं. पुढच्या वर्षी राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी आकडेवारी तपासून दाखवलं, की गोर यांच्या दोन हजारांहून जास्त मतदारांची मतं चुकून ब्यूकॅनन यांना गेली. बुश यांनी फ्लोरिडा किती मतांनी जिंकलं? ५३७. आणि फ्लोरिडा जिंकल्यामुळे ते राष्ट्राध्यक्ष झाले.

यात रंग वाईट नव्हते, अक्षर लहान नव्हतं. चुकली होती ती जवळीक आणि ओळ. जे एकमेकांशी संबंधित आहे ते जवळ असावं, एका रेषेत असावं आणि शंका येऊ नये, ही फळ्यावरच्या यादीतली साधी गोष्ट. औषधाच्या पाकिटावर गोळीचं नाव आणि तिची मात्रा यांच्यातलं अंतरही याच नियमाने ठरतं. एसटी स्टँडवरच्या वेळापत्रकात गावाच्या नावासमोर नेमकी त्याच गाडीची वेळ दिसते की वरच्या ओळीतली, हेही त्यावरच ठरतं.

आपल्या अक्षराची शिरोरेषा

आता परत आपल्या पोस्टरकडे. मराठीत पोस्टर करताना एक जास्तीचं काम असतं. डिझाइनची बहुतेक अ‍ॅप्स आणि त्यातली टेम्प्लेट्स रोमन अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून केलेली असतात. तिथला इंग्रजी मजकूर पुसून मराठी टाकला की गडबड सुरू होते.

पहिली गडबड शिरोरेषेची. इंग्रजी शीर्षकात अक्षरांमधलं अंतर वाढवलं की ते ऐटबाज दिसतं. तेच मराठी शब्दाला केलं, की शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि शब्दाचे दात पडल्यासारखे दिसतात. शिरोरेषा ही देवनागरीतली सगळ्यात ताकदवान रेषा आहे; शब्द एकसंध आहे, हे तीच सांगते. तेव्हा मराठीसाठी अंतराचा तो आकडा शून्यावर ठेवा.

दुसरी गडबड ओळींमधल्या अंतराची. रोमनच्या तुलनेत देवनागरीत वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार असा पसारा असतो. ओळी जवळ घेतल्या तर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या मात्रेवर आदळतो. अंतर थोडं वाढवलं की दोघांनाही श्वास घेता येतो.

तिसरी गडबड फॉन्टची. काही फॉन्टमध्ये जोडाक्षरंच नीट नसतात. ‘स्पर्धा’, ‘उत्स्फूर्त’, ‘वक्तृत्व’ हे तीन शब्द टाइप करून बघा. फॉन्टची परीक्षा तिथेच होते. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात. आपल्याकडच्या संगणकांवर वर्षानुवर्षं दिसणारा ‘मंगल’ हा फॉन्ट र. कृ. जोशी यांचा. आयआयटी मुंबईत शिकवणाऱ्या या सुलेखनकाराने देवनागरीला संगणकाच्या पडद्यावर बसवण्यासाठी बरीच वर्षं घालवली. आपण मात्र तो ‘आधीपासून असलेला फॉन्ट’ म्हणून ओळखतो.

आता तेच पोस्टर पुन्हा

टेम्प्लेट उघडण्याआधी वहीच्या मागच्या पानावर तीन ओळी लिहा. आधी काय दिसावं: ‘एकांकिका ऑडिशन्स’. मग काय: तारीख, वेळ, जागा. शेवटी काय: नाव कुठे द्यायचं. जिना उतरणाऱ्या मुलाकडे तुमच्यासाठी दोन-तीन सेकंद आहेत, हे धरून चाला.

पहिल्या ओळीतलं अक्षर सर्वांत मोठं. ‘थोडं मोठं’ नाही. दुसऱ्या ओळीच्या किमान दुप्पट. फरक घाबरत केला तर तो चुकून झाल्यासारखा दिसतो. तारीख, वेळ आणि जागा एकत्र, एकाखाली एक, डावी कड सरळ. हीच ती जवळीक आणि हीच ती ओळ. चित्र एकच. गिटार, कॅमेरा आणि नाचणारी मुलगी यांना सुट्टी. ऑडिशन नाटकाच्या आहेत, मुखवटा राहू दे. रंग दोन, फार तर तीन. फॉन्ट दोन.

संस्थेचं नाव आणि मान्यवर काढता येत नाहीत? मान्य. ते वर एका बारीक पट्टीत शांतपणे बसू शकतात. प्रायोजकांचे लोगो खाली एका ओळीत, सारख्या उंचीचे. चालत असेल तर सगळे एकाच रंगात. प्रायोजकाला आधी विचारा. कोणाचाही मान कमी झाला नाही आणि तारीख दिसली.

कमिटीत कोणीतरी ‘फारच रिकामं वाटतंय’ म्हणेल. तेव्हा वाद घालू नका. जुनं आणि नवं पोस्टर शेजारी शेजारी लावा, कमिटीबाहेरच्या मित्राला तीन सेकंद दाखवा आणि विचारा, ‘कधी आहे?’

छापायला टाकण्याआधी

डोळे किलकिले करून बघा. तपशील पुसट होतात आणि मोठे गडद-उजळ आकार तेवढे उरतात. जे उरलं, तेच आधी दिसणार आहे.

पोस्टर उलटं करून बघा. अक्षरं वाचता येत नाहीत, त्यामुळे तोल कुठे ढळलाय ते लगेच कळतं.

साध्या कागदावर प्रिंट काढून भिंतीला लावा आणि दहा पावलं मागे जा. लॅपटॉपवर सगळंच मोठं दिसतं.

प्रिंटरकडे किंवा फ्लेक्सवाल्याकडे रंगांचं प्रूफ मागा. पडद्यावरचे रंग प्रकाशाचे असतात, कागदावरचे शाईचे. झगझगीत निळा आणि पोपटी छापून आल्यावर हमखास मळतो.

शेवटी एक वस्तू काढून टाका. पोस्टर बिघडलं तर परत ठेवा. बहुतेक वेळा परत ठेवावी लागत नाही.

हे सगळं वाचायला सुरुवात केलीत ती कुठून? बहुधा शीर्षकापासून, मग त्याखालच्या दोन ओळी आणि मग पहिला परिच्छेद. मधल्या छोट्या शीर्षकांवरून नजर आधीच एकदा फिरून आली असेल. हा क्रम तुम्ही निवडला नव्हता. काल रात्री पान लावणाऱ्या कोणीतरी तो ठरवला होता आणि तुमचं त्याच्याकडे लक्षही गेलं नाही. त्याचं काम नीट झालं, याची हीच खूण.